रिसेप्शनचा (इंग्लंडमधल्या शाळेच्या पहिल्या वर्गाचा) अर्ज: एकच शाळा लिहून थांबू नका

एका पालकाने विचारलंय की मुलगी मार्चमध्ये चार वर्षांची होतेय, तर शाळेसाठी अर्ज कधी करायचा. इंग्लंडमध्ये 31 ऑगस्टपर्यंत चार पूर्ण झालेलं मूल त्याच सप्टेंबरात रिसेप्शनला जातं. अर्जाची मुदत त्याआधीची 15 जानेवारी, म्हणजे तिच्या वाढदिवसाच्याही आधी! अर्ज आपण राहतो तिथल्या कौन्सिलकडे (स्थानिक प्रशासनाकडे) ऑनलाइन करायचा, शाळा शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीत असली तरी. नर्सरी त्याच शाळेची असेल तरीही अर्ज वेगळा करावाच लागतो. इथे बरेच पालक गाफील राहतात.

खरी गडबड पसंतीक्रमात, म्हणजे अर्जात शाळा आवडीच्या क्रमाने लिहिताना होते. 'एकच नाव दिलं की तीच शाळा मिळेल' हा समज घातक आहे. तुम्ही कितव्या क्रमांकावर लिहिलंय हे पाहून शाळा जागा देत नाही. भावंडं, अंतर वगैरे स्वतःच्या निकषांवर देते. एकाहून जास्त शाळांच्या निकषांत बसत असाल तर तुमच्या यादीत वरची असेल ती मिळते. म्हणून आवडती शाळा बिनधास्त पहिली लिहा, पण घराजवळची, नक्की मिळेल अशी एक यादीत हवीच. नाहीतर कौन्सिल जिथे जागा उरली असेल तिथे पाठवतं, आणि रोजची ने-आण जिवावर येते.

निकाल 16 एप्रिलला. मनासारखी नाही मिळाली तरी आधी मिळालेली जागा स्वीकारा. त्याने वेटिंग लिस्टवरचं नाव जात नाही. अपील करता येतं, पण रिसेप्शनच्या वर्गाला एका शिक्षकामागे 30 मुलांची कायदेशीर मर्यादा असल्याने क्वचितच यश येतं.