गॅलरीतली गांडुळे क्रेट सोडून का पळतात?

प्रश्न – गॅलरीबाग, नागपूर

नमस्कार. फेब्रुवारीत एका शेतकऱ्याकडून अर्धा किलो गांडुळे आणली आणि भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, तळाला नारळाच्या शेंड्या व त्यावर कुजलेले शेण घालून, पश्चिमेच्या गॅलरीत ठेवली. दीड महिना सगळे सुरळीत चालले. चहाचा चोथा, पालेभाज्यांची देठे, केळीच्या साली यांचा काही दिवसांत मागमूसही उरत नसे. एप्रिल लागला, घरात कलिंगडे येऊ लागली, तशी त्यांची सालेही क्रेटमध्ये जाऊ लागली. गेल्या आठवड्यापासून मात्र रोज सकाळी दहा-पंधरा गांडुळे फरशीवर सुतळीच्या तुकड्यांसारखी वाळून पडलेली दिसतात. क्रेटला आंबूस वास येतो आणि तळातून काळे पाणी गळते. ते व्हर्मिवॉश (गांडूळखताचे झाडांना घालायचे पाणी) समजून मी तुळशीला घातले, तर तिची पाने पिवळी पडली. उन्हाळा आहे म्हणून पाणी वाढवावे का? की सगळे ओतून टाकून हा नाद सोडावा?

प्रतिसाद १ – शेणामातीचा माणूस, पुसद

ताई, पाणी मुळीच वाढवू नका आणि क्रेट ओतूनही टाकू नका.

गांडूळ त्वचेतून श्वास घेते. त्यासाठी त्याचे अंग ओले राहावे लागते हे खरे, परंतु थर पाण्याने गच्च भरला की त्यातली हवा निघून जाते, कचरा कुजण्याऐवजी आंबू लागतो, आणि मग ते बिचारे वाट फुटेल तिकडे बाहेर पडते. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे वरून एक थेंब न घालताही आपला क्रेट चिखल झाला असणार. मूठभर खत घेऊन घट्ट दाबून पाहा : गोळा व्हावा आणि बोटांच्या फटीतून फार तर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर त्यात फाडलेला पुठ्ठा व वाळलेला पालापाचोळा मिसळून हलक्या हाताने मोकळे करावे.

दुसरे कारण उष्णता. आपण आणलेली गांडुळे आयसेनिया फेटिडा असोत वा युड्रिलस युजेनी (विकत मिळतात ती बहुधा या दोहोंपैकी एक), पस्तीस अंशांपुढे दोन्हींचे हाल होतात, आणि नागपुरात दुपारची पश्चिमेची भिंत त्याच्या कितीतरी पुढे जाते. त्यात ताजा कचरा कुजताना स्वतःही तापतो. आमच्याच पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी रूढ केलेल्या नाडेप पद्धतीत १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोके ठेवलेल्या हौदात काडीकचरा, शेण व माती यांचे थर भरून वरून लिंपतात. त्यात गांडुळे सोडत नाहीत. कुजवण्याचे काम सूक्ष्म जीव करतात आणि त्या कामात हौद चांगलाच तापतो. घरीही कचरा कुजवणे आणि तो गांडुळांना खाऊ घालणे ही दोन कामे वेगळी ठेवावीत. एका बादलीत कचरा पालापाचोळ्यासह पंधरा-वीस दिवस अर्धवट कुजू द्यावा, त्याची धग गेली की मगच तो गांडुळांना द्यावा. मी स्वतः एकदा घाई करून ताज्या शेणावर दोन किलो गांडुळे सोडली होती. दुसऱ्या दिवशी एकही जिवंत नव्हते.

प्रतिसाद २ – तिसरा मजला, ठाणे

वरील सल्ल्याशी सहमत आहे. तुळशीबद्दल थोडे. आपल्या क्रेटमधून गळते ते व्हर्मिवॉश नव्हे, तो न कुजलेल्या कचऱ्याचा निचरा आहे. तयार झालेल्या गांडूळखताच्या थरातून स्वच्छ पाणी सावकाश झिरपवून घेतात ते व्हर्मिवॉश, आणि तेही पातळ करूनच घालावे. हा शब्द हल्ली कुठल्याही काळ्या पाण्याला चिकटवला जातो, याचा मला मनापासून राग येतो.

क्रेट उत्तरेला किंवा न्हाणीघराजवळच्या सावलीत हलवावा, वर ओले गोणपाट टाकावे, आणि पावसाळा येईपर्यंत खाणे निम्मे करावे. लिंबाची साले, लोणच्याचा खार, तेलकट उरलेसुरले बंद. आंबूसपणा घालवण्यासाठी अंड्यांच्या टरफलांची पूड मूठभर पुरते. चुन्याची निवळी ओतू नये, गांडुळांना ती झोंबते. सहसा खत काढताना लोक ढीग उजेडात ठेवून गांडुळे खाली गेली की वरचा थर खरवडतात, परंतु सध्या ते करू नये. त्या थरात गांडुळांचे कोष असतात : लिंबाच्या आकाराचे, पण मोहरीपेक्षा थोडे मोठे, पिवळसर. मोठी गांडुळे मेली तरी त्यांतून साधारण तीन-चार आठवड्यांत पिले निघू शकतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर – गॅलरीबाग, नागपूर

दोघांचेही आभार. मुठीतून खरोखरच धार लागली. क्रेट स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आणला, दोन जुनी खोकी फाडून मिसळली आणि कलिंगडाची साले आता वेगळ्या बादलीत वाळल्या पानांबरोबर जातात. चार दिवस झाले, वास बराच कमी आहे. काल फरशीवर दोनच गांडुळे होती, आज एकही नाही. वाचायचा चष्मा लावून वरचा थर चाळला तेव्हा ते पिवळसर दाणे दिसले. आजवर मी त्यांना मोहरी समजून वेचून फेकत होते.