‘प्रोब’ला मराठीत काय म्हणावं?

दांडियाबाजार: जिवंत पेशीतलं कॅल्शियम फ्युरा-२ने (कॅल्शियमला धरलं की चमक बदलणाऱ्या रंगाने) मोजायची कृती एका मराठी पुस्तिकेसाठी लिहितेय. अशा रंगाला म्हणतात त्या ‘फ्लुओरेसन्ट प्रोब’पाशी अडलंय. ‘शोधक’ लिहिलं, तर रंगातून निघणारा ५१० नॅनोमीटरचा प्रकाश टिपणारा डिटेक्टरही शोधकच. एका वाक्यात दोन शोधक कसे चालतील?

रावपुरेकर: ‘एषणी’ घ्या. सुश्रुतांच्या वीस शस्त्रांत आहे, जखमेची वाट चाचपणारी. शब्द घरचा, गल्लत नाही.

फतेगंज: एषणी चाचपून बाहेर येते. फ्युरा-२ कॅल्शियमला धरून ठेवतो. जास्त भरला तर तोच कॅल्शियम गिळतो. कॅल्शियमची उसळी बुटकी दिसते नि उतरायला वेळ घेते. म्हणून २ ते ५ मायक्रोमोलर, पुढे नाही. हे ‘धरणं’ नावात हवं. धातूला असं धरणाऱ्याला म्हणतात तो ‘कीलेट’ शब्द ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून आलाय, ‘नांगीरंग’ म्हणा.

रावपुरेकर: मराठीत नांगी आधी विंचवाची. वाचणाऱ्याला रंग विषारी वाटेल.

फतेगंज: थोडा आहेच. रंग पेशीत शिरावा म्हणून त्याला जोडलेला एएम एस्टर आत तुटताना फॉर्माल्डिहाइड सुटतं.

वाडीकर: आधी ‘फ्लुओरेसन्ट’चं बघा. ‘प्रतिदीप्ती’ हिंदीवाल्यांची, आपलं ‘अनुस्फुरण’.

रावपुरेकर: ‘अनु’ म्हणजे मागून. मागे रेंगाळतो तो फॉस्फोरेसन्स. हा काही नॅनोसेकंदांत विझतो.

फतेगंज: स्टोक्सने १८५२ मध्ये फ्लोरस्पार या खनिजावरून नाव पाडलं. त्यात ना दीप्ती, ना स्फुरण. फ्लुओरेसन्सच राहू द्या, प्रोबही.

रावपुरेकर: ज्या बडोद्यात १९३१ साली कारभाराच्या शब्दांचा ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला, तिथे हे ऐकवत नाही.

दांडियाबाजार: बरं, ‘लोडिंग’ला? ‘रंग चढवणे’ लिहिलंय.

फतेगंज: चढतो कापडावर. इथे एएम रूप पेशीच्या पडद्यातून आत शिरतं, आतली एस्टरेज विकरं एस्टर तोडतात, मग त्याला परतवाट नसते. ‘अडकवणे’ लिहा.

वाडीकर: पण गळतो की! रंगाची बाहेरची वाट अडवणारं प्रोबेनेसिड १ ते २.५ मिलिमोलर घातलं नाही तर कित्येक पेशी रंग बाहेर टाकतात. ‘भरणे’ बरं. माध्यमात सीरम नको, तिथली एस्टरेज बाहेरच एस्टर तोडतात. आणि ३७ अंशांवर ठेवाल तर रंग पेशीतल्या कप्प्यांत शिरून ठिपके दिसतील; खोलीच्या तापमानाला ३० ते ४५ मिनिटं पुरतात.

फतेगंज: ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश पाडून मिळणाऱ्या चमकांच्या गुणोत्तराला सरळ ‘कॅल्शियम’ लिहू नका. फ्युरा-२ जस्ताला कॅल्शियमपेक्षा कितीतरी घट्ट धरतो. जस्त पकडून घेणारं टीपीईएन टाका; गुणोत्तर घसरलं तर तो भाग जस्ताचा.

रावपुरेकर: म्हणजे वाट चाचपणंच झालं. एषणी.