पदवीनंतर एक वर्ष थांबावे का? नोकरी हातात आहे, मन मात्र तयार नाही

भोगावती (प्रश्न)

नमस्कार. मी मूळची बार्शीची असून गेली चार वर्षे पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकी शिकत आहे. शेवटच्या सत्राची परीक्षा नुकतीच संपली आणि निकाल जुलैत लागेल. महाविद्यालयात झालेल्या मुलाखतींतून एका बांधकाम कंपनीत माझी निवड झाली आहे. वार्षिक वेतन सव्वातीन लाख रुपये असून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नागपूरच्या साइटवर रुजू व्हायचे आहे. असे असूनही मला एक वर्ष थांबावेसे वाटते. घरी विषय काढण्यापूर्वी जाणत्या मंडळींचे मत घ्यावे, म्हणून लिहीत आहे.

एक कारण थकव्याचे आहे. दहावीपासून एकही उन्हाळा असा गेला नाही, की ज्यात पुढच्या परीक्षेचे पुस्तक उशाशी नव्हते. दुसरे कारण मला नीट शब्दांत मांडता येत नाही. शेवटच्या वर्षी आम्ही चौघींनी आमच्या तालुक्यातील एका गावाच्या नळपाणी योजनेवर प्रकल्प केला. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळायला हवे, आणि कागदावर टाकीची क्षमता त्या हिशेबाने पुरेशी होती. आम्ही १५ लिटरची बादली आणि मोबाइलमधील स्टॉपवॉच घेऊन घरोघरी फिरलो. टाकीजवळच्या घरी बादली पाऊण मिनिटात भरली, तर वस्तीच्या टोकाच्या घरी तिला साडेसहा मिनिटे लागली. पाणी जेमतेम ४० मिनिटे टिकते, म्हणजे सात माणसांच्या त्या घराला सहा बादल्या, माणशी १३ लिटरही नाही. आमच्या मोजणीत थेंबही वाया जाऊ नये म्हणून तेथील आजी भरलेली बादली लगेच रांजणात रिकामी करीत होत्या. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

या वर्षात एम.टेक.च्या प्रवेशासाठी गेट परीक्षेची तयारी करावी, की राज्यसेवेची, की एखाद्या संस्थेबरोबर काम करावे, हे ठरलेले नाही. माझ्या दोन मैत्रिणी राज्यसेवेसाठी सदाशिव पेठेत खोली घेत आहेत आणि तिसरी म्हणून मला बोलावीत आहेत. शैक्षणिक कर्ज साडेतीन लाखांचे आहे. वडिलांचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे आणि धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. शिवाय, मुलगी घरी बसली की स्थळांची चर्चा सुरू होते, हे वेगळे सांगायला नको. थांबावे का?

शास्त्रीरस्ता

तुमच्या प्रश्नातील मैत्रिणींचे वाक्य वाचून मी थांबलो, कारण माझी सुरुवातही तशीच झाली. २०१८ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी हातात आली आणि खोलीतील दोघे राज्यसेवेला बसणार म्हणून मीही बसलो. घरी सांगितले होते एक वर्ष. प्रत्यक्षात पाच गेली.

ती कशी गेली हे सांगणे आवश्यक वाटते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की मुलगा आळशी असावा. सकाळी सात वाजता अभ्यासिकेत जाऊन रात्री दहाला बाहेर पडत होतो. प्लायवूडच्या तीन फळ्यांमध्ये बसवलेले ते टेबल, खुर्चीला सुतळीने बांधलेली उशी आणि समोरच्या फळीवर माझ्या आधी बसून गेलेल्या कोणीतरी पेनाने लिहिलेली पदांची नावे, एवढेच माझे जग होते. कष्ट कमी पडले असे मी आजही म्हणणार नाही. पण परीक्षेचे वेळापत्रक आपल्या हातात नसते. एप्रिल २०२० मध्ये ठरलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा महामारीमुळे पुढे पुढे जात राहिली. अखेर १४ मार्च २०२१ ही तारीख आली, तर तीही तीन दिवस आधी पुढे ढकलण्यात आली. त्या संध्याकाळी पुण्यात जे विद्यार्थी रस्त्यावर उतरले त्यांत मीही होतो. परीक्षा २१ मार्चला झाली. एका परीक्षेची वाट पाहण्यात माझे जवळपास एक वर्ष गेले आणि त्यात माझा काहीही दोष नव्हता. त्यानंतर मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय आला, तो २०२३ पासून की २०२५ पासून यावर पुन्हा आंदोलन झाले, आणि आम्ही टिपणे कोणत्या पद्धतीने काढावीत हेच कळेनासे झाले.

आता मुख्य मुद्दा. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. अनेकांना ती सवलत वाटते, आणि उशिरा सुरुवात करणाऱ्यांसाठी ती खरोखरच आहे. पण बाविसाव्या वर्षी अभ्यासिकेत बसणाऱ्यासाठी तिचा अर्थ असा होतो, की आता पुरे असे बाहेरून कोणीच सांगत नाही. मी दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिलो. थोडक्यात राहणे फार वाईट, कारण पुढच्या वर्षासाठी तेच पुरेसे कारण ठरते. प्रशासनात जावे ही तुमची स्वतःची ओढ असेल तर जरूर जा, त्या वाटेने गेलेले उत्तम अधिकारी माझे मित्र आहेत. पण तुमच्या संपूर्ण पत्रात त्या ओढीचे एकही वाक्य मला दिसले नाही. खोली तिघींमध्ये स्वस्त पडते, या कारणासाठी ती घेऊ नका.

ओळंबा

मी चौदा वर्षे साइटवर आहे आणि गेली सहा वर्षे कनिष्ठ अभियंत्यांच्या मुलाखती घेतो. आमच्या क्षेत्रात पदवीनंतरचा एका वर्षाचा खंड हा मोठा डाग समजला जात नाही. त्या वर्षात काय केले हे मी विचारतो, आणि उमेदवाराने दाखवण्याजोगे काही समोर ठेवले तर विषय तिथेच संपतो. अडचण वेगळीच आहे. नव्या अभियंत्यांची भरती बहुधा उत्तीर्ण झालेल्या वर्षावरून होते. पुढच्या जूनमध्ये महाविद्यालयाचा प्लेसमेंट विभाग तुमच्या पाठीशी नसेल आणि नवी तुकडी तुमच्या शेजारी उभी असेल. तेव्हा अर्ज स्वतः करावे लागतील, ओळखी काढाव्या लागतील, आणि पहिला पगार सव्वातीन लाखांपेक्षा कमीही असू शकेल. हे मान्य असेल तरच थांबा.

नोकरी करीत करीत गेटचा अभ्यास करू, असा मधला मार्ग कोणी सुचवला तर सावध राहा. कार्यालयात बसून आराखडे करणाऱ्यांना ते कदाचित जमते. साइटवर स्लॅबचा दिवस असला की सकाळी शटरिंग आणि सळई तपासण्यापासून काँक्रीटची शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत हलता येत नाही, आणि पंप मध्येच बंद पडला तर मध्यरात्र होते. खोलीवर परतल्यावर पुस्तक उघडते, डोळे उघडत नाहीत. मी स्वतः दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा अर्ज भरून परीक्षेला गेलोच नाही.

म्हणून माझे मत असे, की रुजू व्हायचे तर किमान दोन वर्षे मन लावून काम करा. सळई मोजणे, ठेकेदाराचे बिल तपासणे, मोजमाप पुस्तिका लिहिणे हे कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही, आणि पुढे पाण्याच्या योजनांवर काम करायचे असले तरी तेच उपयोगी पडते. रुजू व्हायचे नसेल तर आजच कळवा. बहुतेक महाविद्यालयांत एका विद्यार्थ्याला एकच नोकरी असा नियम असतो, म्हणजे तुमच्या जागेमुळे कोणीतरी मागे राहिले असणार. जूनमध्ये नकार कळवला तर कंपनी त्या मुलाला किंवा मुलीला बोलावू शकेल. ऑगस्टमध्ये न जाता गप्प राहिलात, तर जागाही वाया जाईल आणि पुढच्या वर्षी ती कंपनी तुमच्या महाविद्यालयाकडे फिरकेल याची खात्री नाही.

आणखी एक गोष्ट. गेटचे गुण निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. परीक्षा चांगली गेली आणि तरीही त्या वर्षी प्रवेश घ्यावासा वाटला नाही, तर मधली दोन वर्षे नोकरी करून त्याच गुणांवर अर्ज करता येतो. हे अनेक मुलांना ठाऊक नसते.

पासबुक

तुझ्याएवढी माझी भाची आहे, म्हणून एकेरी लिहिते. मी एका बँकेतून कर्ज विभागातूनच निवृत्त झाले, तेव्हा माझे लक्ष त्या साडेतीन लाखांवर गेले.

शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. तुझ्या मंजुरीपत्रात नेमके काय लिहिले आहे ते शाखेत जाऊन वाच. याचा अर्थ, तू थांबणार आहेस ते वर्ष आणि हप्ता न भरण्याची मुभा असलेले वर्ष ही दोन्ही एकच आहेत. नोकरी मिळाल्यावर स्थिरावण्यासाठी दिलेला अवधी तू आधीच वापरून टाकशील, आणि पहिला पगार येण्यापूर्वी पहिला हप्ता दारात उभा राहील. या काळात व्याज थांबत नाही. दर १० टक्के धरला तर साडेतीन लाखांवर वर्षाला ३५ हजार रुपये होतात, म्हणजे महिन्याला तीन हजारांच्या आसपास. तेवढे व्याज दरमहा भरत राहिलीस तर मुद्दल फुगत नाही, आणि त्या काळात व्याज नियमित भरणाऱ्यांना अनेक बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलतही देतात. महिन्याला तीन हजार मिळवण्यासाठी बार्शीत अकरावी-बारावीच्या चार मुलांना गणित शिकवणे पुरेसे आहे. थकवा असला तरी एवढे कर. वडिलांना एक वर्ष मागताना, व्याजाचा भार तुमच्यावर येणार नाही, हे वाक्य तुझ्याजवळ असले पाहिजे.

राहिला प्रश्न स्थळांचा. आमच्या पिढीत मुलीने थांबते म्हटले की घरचे ऐकत असत ते फक्त थांबते एवढेच, कशासाठी ते नाही. म्हणून नुसते थांबते असे म्हणू नकोस. अमुक परीक्षा फेब्रुवारीत आहे, निकाल मार्चमध्ये आहे, जुलैत प्रवेश आहे, असे सांग. तारखा ऐकल्या की घरातली माणसे बैठकीचा विषय आपणहून पुढे ढकलतात, असा माझा स्वतःच्या घरातला अनुभव आहे.

पाणलोट

तुमच्या पत्रात थकवा, कर्ज, मैत्रिणी, नातेवाईक असे बरेच काही आले, पण आकडे फक्त बादलीच्या परिच्छेदात इतके नेमके आहेत. पाऊण मिनिट आणि साडेसहा मिनिटे हे तुम्हाला पाठ आहे. म्हणून मला वाटते, काय करायचे ते ठरलेले नाही, हे तुमचे म्हणणे पूर्णपणे खरे नाही.

आयआयटी मुंबईत ‘सितारा’ नावाचे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून आहे. मी तिथून एम.टेक. केले. गेटच्या गुणांवर अर्ज करता येतो, त्यानंतर मुलाखतीला सामोरे जावे लागते, आणि गावात राहून तेथील प्रश्नाचा अभ्यास करणे हा शिक्षणाचाच भाग आहे. गेटद्वारे प्रवेश घेतलेल्या एम.टेक. विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, हे पासबुकताईंच्या हिशेबात घालावे. गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये २००६ पासून चालणारा ‘निर्माण’ हा तरुणांसाठीचा उपक्रमही पाहा. त्यांच्या शिबिरांना जाण्यासाठी वर्ष मोकळे असण्याची अटच नाही, आणि मला जे मित्र आयुष्यभरासाठी मिळाले ते तिथेच. मुख्यमंत्री फेलोशिपचा विचार मनात असेल, तर तिला पदवीनंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो, हे आधीच लक्षात घ्या.

थकव्याबद्दल एवढेच सांगतो, की तो खरा असतो आणि त्याला वर्ष लागत नाही. दीड महिना पुस्तकाला हात लावू नका.

आता मला खरोखर जाणून घ्यायचे आहे ते असे. टोकाच्या घरी दाब कमी पडतो याचे कारण तुम्ही काय लिहिले? वाहिनीचा व्यास, टाकीची उंची, की मधल्या घरांनी नळाला थेट लावलेल्या मोटारी? मोजणीच्या वेळी मोटारी बंद होत्या का? अशा मोटारी चालू असतील तर तुमचा आराखड्यातला हिशेब कितीही बरोबर असला तरी शेवटच्या घरी पाणी पोहोचत नाही. आणि ही मोजमापे ग्रामपंचायतीला दिलीत का?

भोगावती

सर्वांचे मनापासून आभार. मी परवा बार्शीला आले आणि पासबुकताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी शाखेत गेले. मंजुरीपत्रात अभ्यासक्रमानंतर १२ महिने असेच लिहिलेले आहे. कंपनीला आणि प्लेसमेंट विभागाला नकाराचे पत्र काल पाठवले, आणि माझ्या जागी प्रतीक्षायादीतील एका मुलीचे नाव पुढे गेल्याचे आज कळले. सदाशिव पेठेतील खोलीला नाही म्हणताना वाईट वाटले, पण मैत्रिणींनी समजून घेतले. मी बार्शीत राहूनच फेब्रुवारीतील गेटची तयारी करीन आणि संध्याकाळी शिकवण्या घेईन. गुण अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर मार्चमध्ये नोकरीचे अर्ज सुरू करायचे, दुसरा प्रयत्न वर्ष रिकामे ठेवून करायचा नाही, असे वडिलांना सांगितले आहे. ओळंबा यांनी इशारा दिलेल्या कमी पगाराची तयारीही ठेवली आहे.

पाणलोट, तुमच्या प्रश्नाने मी ओशाळले. मोटारींची नोंद आम्ही केलीच नव्हती. अहवालात वाहिनीचा व्यास हेच कारण लिहिले आहे. रात्री जेवताना हे वडिलांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले की उन्हाळ्यात त्यांच्याकडे वाइंडिंग जळून येणाऱ्या अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारी बहुतेक नळालाच लावलेल्या असतात, आणि त्या गावातल्या कितीतरी त्यांनी स्वतः दुरुस्त करून दिल्या आहेत. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी पुन्हा एकदा मोजणी करायची, एकदा मोटारी चालू असताना आणि एकदा बंद ठेवून, असे ठरले आहे. मोटारी कोणाकोणाकडे आहेत हे त्यांना ठाऊक असल्यामुळे त्या दिवशी ते दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर येणार आहेत.