उन्हाळ्यात इंजिनाला जाड ऑइल घालावं की गाडीच्या पुस्तकात (मॅन्युअलमध्ये) लिहिलेलं पातळच?

अकोलेकर

मंडळी, आधी माझं मत सांगतो, मग तुमचं ऐकतो. विदर्भातल्या उन्हात ०डब्ल्यू-२० सारखं पाण्यागत ऑइल घालणं म्हणजे इंजिनाचे हाल करणं आहे.

गाडी २०१५ ची, १.२ लिटर पेट्रोल, १,१४,००० किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव देत नाही, वाद भलतीकडे जाईल. इतकी वर्षं सर्व्हिसिंगला ऑइल बदललं की पुढच्या वेळेपर्यंत बघायची गरज पडली नाही. गेल्या वर्षापासून मात्र कमी व्हायला लागलं. परवा सकाळी सहाला, गाडी रात्रभर सपाट फरशीवर उभी होती तेव्हा, डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, परत घालून बघितली. ऑइल खालच्या खुणेला जेमतेम टेकलेलं. बदलून पाच हजार किलोमीटरच झाले होते! माझ्या गाडीत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर बसतं. खाली फरशीवर थेंबसुद्धा नाही.

सर्व्हिस सेंटरवाले ०डब्ल्यू-२० सोडून दुसरं घालायला तयार नाहीत. आमच्या चौकातले मिस्त्री म्हणतात, "मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो, २०डब्ल्यू-५० टाका अन् बिनघोर फिरा." मला मिस्त्रींचं पटतं. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट सांगावं.

वंगण

मला पटत नाही. चौदा वर्षं वंगणाच्या प्रयोगशाळेत काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या चाचणीचा: ०डब्ल्यू ची चाचणी उणे ३५ अंशांना होते, २०डब्ल्यू ची उणे १५ ला. नंतरचा आकडा १०० अंशांना ऑइल किती जाड राहतं त्याचा. आता इंजिन गरम झाल्यावर थर्मोस्टॅट पाणी ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो आणि ऑइल साधारण ९० ते ११० मध्ये फिरतं. महाबळेश्वरला डिसेंबरातही तेवढंच, अकोल्यात मे महिन्यातही जवळपास तेवढंच. बाहेरचे ४५ अंश आपल्याला भाजतात, पण ऑइल त्याच्या दुपटीहून जास्त तापमानालाच काम करत असतं.

फरक पडतो तो सकाळी चावी फिरवताना. ४० अंशांना २०डब्ल्यू-५० हे ०डब्ल्यू-२० च्या साडेतीन-चारपट जाड असतं. ते वर कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचायला वेळ घेतं, आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. तुमच्या इंजिनात व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल तर तिथला कॅम बहुतेक ऑइलच्या दाबावरच पुढेमागे फिरतो. त्याच्या वाटा बारीक, जाळ्या त्याहून बारीक. तिथे २०डब्ल्यू-५० घालू नका, कळकळीने सांगतो.

कराडचा_मेकॅनिक

वंगणसाहेब, तुमचं शास्त्र खरं असंल. मी तीस वर्षं इंजिनं उघडतोय, माझं बी ऐका.

कंपनी ०डब्ल्यू-२० का सांगते? अ‍ॅव्हरेजसाठी. सरकारचे कॅफे नियम, म्हणजे इंधन वाचवायचे, २०१७-१८ पासनं आले, २०२२-२३ पासनं आणखी कडक झाले. कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी बघतात. पातळ ऑइलनं थोडं पेट्रोल वाचतं, ते कंपनीला पायजे. माझ्या गिऱ्हाइकाला इंजिन दोन लाख किलोमीटर पळायला पायजे. दोघांची गरज एक नाही.

आणि ऑइलचा पडदा म्हणून काही असतो का नाही? १५० अंशांना जोरात घासून मोजतात ती जाडी २० ग्रेडला कमीत कमी २.६ लागते, १५डब्ल्यू-४० ला ३.७. हे तुमच्याच पुस्तकातलं आहे. घाटात चार माणसं, एसी चालू, दुसऱ्या गिअरवर गाडी चढती, तेव्हा बेअरिंगला ही जाडीच वाचवती. मारुती ८०० ला आम्ही २०डब्ल्यू-४० घालत आलो, कुणाचं इंजिन त्यानं बसलं नाही.

वंगण

मेकॅनिकदादा, २.६ आणि ३.७ दोन्ही बरोबर. कॅफेचंही बरोबर. पण ८०० च्या इंजिनात ऑइलवर फिरणारा कॅम नव्हता. आणि २.६ वर चालायचं इंजिन त्या हिशेबानेच बनवतात: बेअरिंगची रुंदी, गाळा (भागांमधली फट), पंप, सगळं.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. अकोलेकरांचं ऑइल 'पातळ आहे म्हणून' जातंय हे ठरवलं कुणी? आधी जातंय कुठून ते बघा. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. चढावर रेस दिल्यावर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत जाळायला सोडणारी झडप) उघडा अडकला तर इंजिन चेंबरमधली ऑइलची वाफ ओढून जाळत राहतं, आणि तो स्वस्त भाग असतो. जाड ऑइलने आवाज दबेल, गळती मंदावेल, दुखणं आतच राहील.

कराडचा_मेकॅनिक

आवाज दबला म्हणजे घासणं कमी झालं, असं मी म्हणलो नाही. पण एक लाखाच्या वर गेलेल्या इंजिनात गाळा वाढलेला असतोय, हे हातानं जाणवतं. ऑइल रिंगा कार्बननं चिकटल्या की बोअरवरनं ऑइल नीट पुसलं जात नाही. हाफ इंजिन करायचं, म्हणजे इंजिन उघडून रिंगा-बिंगा बदलायच्या, तर खर्च बघा. त्या माणसाला १०डब्ल्यू-४० वर आणखी दोन वर्षं निघाली, तर त्यात वाईट काय?

२०डब्ल्यू-५० मी बी घालणार नाही, ते चौकातल्या मिस्त्रींनी जास्तच सांगितलं.

दम्मामचा_मराठी

मेकॅनिकदादांच्या बाजूने एक पुरावा. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० ची शिफारस असतेच, पण खाली असंही लिहिलेलं असतं की गाडी जास्त वेगात किंवा फार भार घेऊन चालवत असाल तर जास्त आकड्याचं ऑइल अधिक योग्य ठरू शकतं. म्हणजे पातळच घाला, नाहीतर इंजिन संपलं, असं कंपनी स्वतः म्हणत नाही. इथे सौदीत आम्ही तासन्‌तास वाळवंटातून १२० ने जातो. मी पुस्तकात बसणारं ५डब्ल्यू-३० घालतो, ०डब्ल्यू-२० नाही, आणि मन निवांत असतं.

नाशिकची_ट्रॅव्हल्स

तुम्ही दोघं आकड्यांवर भांडताय आणि डब्याच्या मागची बारीक ओळ कुणीच वाचत नाही. मी डिझेल गाड्या चालवतो. बीएस-६ डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. माझ्या एका गाडीत गॅरेजवाल्याने ग्रेड अगदी बरोबर घातली, ५डब्ल्यू-३०, पण ऑइल जुन्या सीआय-४ दर्जाचं. त्यात राख होणारी द्रव्यं जास्त. डीपीएफमधली काजळी रीजनरेशनमध्ये (फिल्टर तापवून साफ होतो तेव्हा) जळून जाते, राख जळत नाही, ती साचतच राहते. वर्षाच्या आत पिकअप गेला, दिवा लागला, फिल्टर काढून साफ करावा लागला, सीझनमध्ये चार दिवस गाडी उभी. मॅन्युअलमध्ये एसीईए सी३, म्हणजे कमी राखेच्या ऑइलचा युरोपातला दर्जा, लिहिलं होतं. ते मी आधी वाचलं असतं तर हे टळलं असतं, म्हणून इथे लिहितोय.

पेट्रोलवाल्यांनी डब्यावरचा एपीआय (अमेरिकेतला ऑइलचा दर्जा) बघा. एसपी हा दर्जा २०२० ला आला. टर्बो पेट्रोल असेल तर त्याच्या खालचं घेऊच नका, त्यात टायमिंग चेनची झीज आणि कमी वेगावर अवेळी होणारा स्फोट या दोन्हींच्या चाचण्या आहेत.

वंगण

ट्रॅव्हल्सवाल्यांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. अकोलेकर, मॅन्युअलमधला तापमानाचा तक्ता वाचून सांगाल का?

अकोलेकर

वाचला. खरं तर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते पान उघडलं. तीन आडव्या पट्ट्या आहेत: ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-४०. तिन्ही उजव्या टोकाला ४० अंशांपर्यंत जातात, ०डब्ल्यू-२० पुढे 'पसंतीचं' लिहिलंय. २०डब्ल्यू-५० कुठेच नाही. तेव्हा ते मी सोडलं.

कराडचा_मेकॅनिक

बघा, १०डब्ल्यू-४० कंपनीच्याच पुस्तकात हाय. मग सर्व्हिस सेंटरवाले "दुसरं चालतच नाही" कशाच्या जोरावर सांगतात?

वंगण

हे मान्य. गिऱ्हाइकाला तक्ता दाखवायला हवा होता. तरी मी आधी ५डब्ल्यू-३० म्हणेन. गरम झाल्यावर ०डब्ल्यू-२० पेक्षा जाड, आणि सकाळी १०डब्ल्यू-४० पेक्षा लवकर वर चढतं. पण पीसीव्ही आणि धुराची परीक्षा केल्याशिवाय काही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

अकोलेकर

तीन आठवड्यांनी लिहितोय.

मुलाला सायलेन्सरमागे उभं केलं आणि रात्रभर थांबलेली गाडी सुरू केली. निळसर धूर आला, दहा-बारा सेकंदांत थांबला. बाळापूर रोडला रेस देऊन बघितली, मागे धूर नाही. मग आमच्या मिस्त्रींनी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हातात दिला. हलवला की आतून टकटक आवाज यायला हवा, तो येतच नव्हता. चिकट काळ्या थराने उघडाच चिकटून बसलेला. नवा बसवला, ऑइल ५डब्ल्यू-३० एसपी घातलं, अगदी वरच्या खुणेपर्यंत.

आज १,४०० किलोमीटर झाले. सकाळी डिपस्टिक बघितली, वरच्या खुणेपासून तांदळाच्या दाण्याएवढं खाली आहे. पहिल्या स्टार्टचा धूर मात्र अजून येतो.

वंगण

म्हणजे व्हॉल्व्हचे सील राहिलेत. हेड (इंजिनाचा वरचा भाग) न काढताही बदलता येतात, मिस्त्रींना विचारा. ग्रेड आहे तीच ठेवा.

कराडचा_मेकॅनिक

दोन गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळं कुणामुळं फरक पडला ते आता सांगता यायचं नाही. सील बदलायचं काम ओळखीच्याच हाताला द्या, व्हॉल्व्ह सिलिंडरात पडू नये म्हणून आत हवेचा दाब धरावा लागतो. आणि मे महिन्यात, गाडी भरून शेगावला जाऊन आल्यावर परत डिपस्टिक बघा. तेव्हा एका हजारात बोटभर खाली आलं, तर १०डब्ल्यू-४० घाला. पुस्तकातलंच आहे.

अकोलेकर

मे मध्ये शेगाव ठरलेलंच आहे, घरचे सहाजण. निघायच्या आणि आल्याच्या दुसऱ्या सकाळी दोन्ही वेळचे डिपस्टिकचे फोटो इथे टाकतो.