सिझेरियनच्या वेळी काय काय जाणवेल, हे आईला आधी सांगावे की नाही?

मानसी_क (धागाकर्ती)

सिझेरियनसाठी हल्ली बहुतेक वेळा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन छातीखालचा भाग बधिर केला जातो आणि आई पूर्ण जागी असते. मला सांगण्यात आले होते की, ‘तुम्हाला काहीही कळणार नाही.’ प्रत्यक्षात बरेच काही कळले. पाय टेबलावर सरळ ठेवलेले असूनही ते गुडघ्यात दुमडलेलेच आहेत, असे मला शपथेवर सांगता आले असते. बाळ बाहेर काढताना बरगड्यांखाली कोणीतरी सारा भार टाकून दाबत होते, आणि पोटातून काहीतरी ओढून काढले जात असल्याचे स्पष्ट जाणवत होते. दुखत अजिबात नव्हते. पण भूल उतरली की काय, या धास्तीने मी घामाघूम झाले. पुढे हुडहुडी भरली ती वेगळीच. दात वाजायचे थांबेनात, त्यामुळे बाळाला जवळ घेण्याचीही भीती वाटली. हे सारे नेहमीचेच असते, असे नंतर कळले. नेहमीचेच असेल, तर संमतिपत्रावर सही घेतानाच ते का सांगू नये?

बधिरराव

मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझा या आग्रहाला विरोध आहे. आधी कारण सांगतो. या औषधाने वेदना आणि थंड-गरम यांची जाणीव वाहून नेणारे बारीक मज्जातंतू चांगले बंद होतात. स्पर्श आणि दाब यांची जाणीव मात्र पूर्णपणे जातेच असे नाही. म्हणूनच आम्ही बर्फ किंवा गार फवारा लावून, बधिरपणा स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत चढला आहे ना, हे पाहून मगच सर्जनला होकार देतो. छाती जड होऊन श्वास अडकल्यासारखे वाटते, कारण बरगड्यांची हालचाल जाणवेनाशी होते. श्वास ओढणाऱ्या मुख्य स्नायूची, म्हणजे श्वासपटलाची, नस मानेतून येत असल्याने श्वास चालूच असतो. रक्तदाब उतरला की मळमळते, त्यावर औषध तयार असते. पण ही सगळी यादी आधीच घाबरलेल्या बाईपुढे वाचली, तर ती प्रत्येक गोष्टीची वाट पाहत बसेल. बॉस्टनमध्ये 140 गरोदर स्त्रियांवर झालेला आणि 2010 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे: पाठ बधिर करण्याची सुई टोचताना ज्यांना ‘मोठी मधमाशी डसल्यासारखे होईल’ असे सांगितले, त्यांना ‘ही जागा बधिर करतो, म्हणजे पुढे त्रास होणार नाही’ असे ऐकलेल्या स्त्रियांपेक्षा जास्त दुखले. शिवाय बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावत असताना व्याख्यान द्यायला वेळ कोणाकडे असतो?

तिठा

डॉक्टर, तुम्ही दिलेला दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. त्या अभ्यासात दोन्ही गटांना काही ना काही सांगितलेच होते. फरक शब्दांचा होता. त्यातून ‘नीट सांगा’ हे सिद्ध होते, ‘सांगू नका’ हे नव्हे. रुग्णाच्या संमतीविषयीच्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली म्हटले की, दूरच्या आणि केवळ तात्त्विक धोक्यांची जंत्री वाचण्याची गरज नाही, पण संमतीसाठी पुरेशी माहिती द्यायलाच हवी. पोटातली ओढाताण ही काही दूरची शक्यता नव्हे. ती तर रोजची बाब आहे. राहिला वेळेचा मुद्दा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 25.4 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. चारातल्या एकीवर ही वेळ येणार असेल, तर आठव्या-नवव्या महिन्यातल्या तपासणीतच पाच मिनिटे काढावीत. ठोके मंदावण्याची वाट कशाला पाहायची?

सुलभामावशी

मला मात्र काहीही ऐकायचे नव्हते, आणि माझ्या मुलीलाही नव्हते. पाठीत सुई घेतली की कंबर कायमची जाते, असे शेजारणींनी सांगून तिची झोप आधीच उडवली होती. त्यात डॉक्टरांनी आणखी भर घालायला नको होती. ज्यांना माहिती हवी त्यांनी विचारावी, बाकीच्यांना शांतपणे बाळंत होऊ द्यावे. न जाणण्याचाही हक्क असतो.

तिठा

मावशी, तो हक्क मान्य. पण विचारायला आधी काय विचारायचे ते ठाऊक लागते. ‘आत काय जाणवेल ते सांगू का?’ एवढा प्रश्न डॉक्टरांनीच करावा. नको म्हटले तर विषय संपला. आणि कंबरेची ती ऐकीव भीतीही कोणी जाणकाराने बोलल्याशिवाय जाणार नाही.

बधिरराव

शब्दांबद्दलचे म्हणणे मान्य करतो. तरी माझी खरी काळजी वेगळी आहे. ‘ओढल्यासारखे, दाबल्यासारखे होणारच’ असे मनावर ठसवले की काही स्त्रिया भूल अपुरी पडल्यावरही, हेच ते असेल, असे समजून ओठ दाबून सहन करतात. आपल्याकडे बाळंतपणात सोसण्याचे कौतुक जरा जास्तच होते.

मानसी_क

मग वाक्य अर्धे सोडू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. दाब, ओढ, थरथर, मळमळ होईल. पण कापल्यासारखे किंवा टोचल्यासारखे दुखले, तर त्याच क्षणी बोला, आम्ही थांबू, औषध वाढवू, गरज पडल्यास पूर्ण भूल देऊ, हा दुसरा भागही त्याच दमात सांगा. मी टेबलावर गप्प राहिले, ती सोसण्याच्या हौसेने नव्हे. जे होते आहे ते दुखणे म्हणायचे की नाही, हेच मला ठरवता येत नव्हते.