मदत हवी आहे: पॅरासिटामॉलच्या गोळीची टोपी उडतेय

मंडळी, गोव्यात वेर्ण्यातल्या प्लांटवर पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅची गोळी कॅप होतेय, म्हणजे वरचा थर टोपीसारखा सुटतोय. दाब वाढवला की कडकपणा जरा चढतो, मग टोपी सुटते. फ्रायेबिलिटीच्या (गोळी किती झिजते-तुटते ते तपासायच्या) ड्रममध्ये १०० फेऱ्या झाल्या की तळाशी नुसत्या चकत्या.

मूळ दुखणं स्फटिकात आहे. फॉर्म १, म्हणजे पॅरासिटामॉलचा नेहमीचा स्फटिकप्रकार, मोनोक्लिनिक (तिरकस मांडणीचा), हायड्रोजन-बंधांचे थर नागमोडी, एकमेकांवर घसरतच नाहीत. पंच (दाबणारा दांडा) उठला की गोळी उसळते. फॉर्म २ चे थर सपाट, तो मस्त दबतो, पण अस्थिर. ओल्या ग्रॅन्युलेशनमध्ये (भुकटी भिजवून दाणे करताना) त्याचा भरवसा कोण देणार?

सध्या पीव्हीपी के-३० (बाइंडर) ३ टक्के, एलओडी (सुकवल्यावर उरलेली ओल) १.५ टक्के, टरेट (मशीनची फिरती तबकडी) ४० आरपीएम. २५ वर आणला की कॅपिंग बरंच कमी होतं, म्हणजे ड्वेल टाइमचा (गोळी पूर्ण दाबाखाली राहते त्या वेळेचा) हात आहेच. जास्त सुकवलं तर बिघडतं; पावसाळ्यातल्या दमट हवेत एलओडी चढला की माल पंचला चिकटतो.

प्री-कम्प्रेशन (आधीचा हलका दाब) मुख्य दाबाच्या किती टक्के ठेवता? पीव्हीपी ५ टक्के केल्यास डिसइंटिग्रेशन (गोळी पाण्यात फुटणं) १५ मिनिटांत बसेल, की एमसीसी (मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज) घालणं बरं? मॅग्नेशियम स्टिअरेट (वंगण) कमी करा असं मात्र सांगू नका, ०.५ टक्केच आहे, तेही ३ मिनिटं मिसळलेलं.