पीएचपीतून प्रोसिजर कॉल : पहिलं बिल निघतं, दुसऱ्याला अडतं. काय करू?

सायीचा_थर :
गावच्या दूध संस्थेचं बिलाचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलंय, आधीच्या पोराने साध्या पीएचपीत लिहिलेलं, पीएचपी ७.४, मायएसक्यूएल ८.०, सगळीकडे मायएसक्यूएलआय (पीएचपीतून मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलायची सोय). बिल_काढ नावाची प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेला क्वेरींचा तयार संच) आहे, उत्पादक नंबर आणि दोन तारखा दिल्या की लिटर, फॅट, दर, रक्कम असं सगळं देते आणि खात्यात नोंद पण टाकते. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं टूल) चार जणांवर चालवून बघितली, मस्त चालली. पण पीएचपीच्या लूपमधून ३१२ उत्पादकांसाठी कॉल केली की पहिल्याचं बिल येतं आणि दुसऱ्यापासून "कमांड्स आऊट ऑफ सिंक", एरर २०१४. रिझल्ट फ्री करून बघितला, तरी तेच. परवा पेमेंट आहे. प्रोसिजर काढून टाकून साध्या क्वेरी लिहू का पीडीओवर (डेटाबेसशी बोलायची पीएचपीची दुसरी सोय) जाऊ? काय सुचवाल?

रात्रपाळी :
लूपमध्ये दरवेळी कनेक्शन बंद करून नवीन उघड, चालतंय. आमच्याकडे तीन वर्षं असंच चाललंय, कोणाला काही कळलेलं नाही 😄

अर्धविराम_हरवला :
@रात्रपाळी चालेल हो, पण दुखणं झाकलं जाईल.

@सायीचा_थर दादा, प्रोसिजरमध्ये सिलेक्ट एकच असला तरी कॉल केल्यावर सर्व्हरकडून दोन गोष्टी येतात, आधी सिलेक्टच्या ओळी आणि प्रोसिजर संपली की "झालं" किंवा "फसलं" असा शेवटचा निरोप. तुम्ही फ्री करताय ती पहिली गोष्ट. दुसरी अजून लाइनवरच पडून आहे, म्हणून पुढची क्वेरी घेतच नाही. एसटीत तिकीट घेतलं पण सुट्टे घेतले नाहीत आणि कंडक्टर हात पुढे करून तसाच उभा, असं झालंय.

रिझल्ट वाचा, फ्री करा, मग मोअर_रिझल्ट्स खरं आहे तोवर नेक्स्ट_रिझल्ट मारत रहा, मधे आणखी रिझल्ट आला तर तोही फ्री करा. आणि लूपमधून बाहेर पडल्यावर एररनो (एररचा नंबर) तपासाच, हे विसरू नका, कारण सिलेक्टनंतर प्रोसिजरमध्ये काही फसलं असेल तर ते नेक्स्ट_रिझल्ट मारल्यावरच कळतं, आधी नाही. पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआय आपणहून एक्सेप्शन फेकतं, तुमच्या ७.४ मध्ये ते गप्प बसतं. कोडच्या सुरुवातीलाच मायएसक्यूएलआय_रिपोर्ट चालू करून घ्या, म्हणजे तिथेही एरर फेकेल.

पीडीओत पण २०१४ येतो, फक्त मजकूर वेगळा. तिथे क्लोजकर्सर मारला की मोकळं होतं. पण एवढ्यासाठी परवाच्या पेमेंटआधी अख्खा कोड पीडीओवर नेऊ नका.

सायीचा_थर :
लूप टाकला, २०१४ गेला!! पण आता भलतंच. सगळी बिलं निघाली, फक्त ४ उत्पादकांना १०६२, डुप्लिकेट एन्ट्री. आणि त्यात उत्पादक नंबर १ पण आहे, ज्याचं बिल आधी "नीट" येत होतं.

अर्धविराम_हरवला :
हे चार म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये ट्राय केलेले चार तर नाहीत ना? तिथे नोंद खरोखरच पडली असणार. आता तुमच्या कॉलमध्ये सिलेक्ट आधी जातो म्हणून बिल छापतं, मागून खात्यातली नोंद युनिक की वर (एकच नोंद दोनदा पडू न देणारा नियम) आपटते, आणि तो निरोप तुम्ही वाचतच नव्हता.

सायीचा_थर :
अरे देवा, तेच चार. आणि तेव्हा पशुखाद्याची कपात भरायची राहिली होती, म्हणजे खात्यात कपातीशिवायची रक्कम पडून आहे आणि छापील बिल कपात धरून. परवा चौघांना जास्त पैसे गेले असते आणि मग मी दारोदार मागत फिरलो असतो. नोंदी उडवून परत चालवतो.

अर्धविराम_हरवला :
उडवायच्या आधी बॅकअप. आणि बॅकअपला मायएसक्यूएलडंप वापरत असाल तर रूटीन्सचा ऑप्शन द्या, नाहीतर टेबलं येतात, प्रोसिजर येत नाहीत. सवड झाली की इन्सर्ट आधी आणि सिलेक्ट शेवटी करा, दोन्ही एका ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही). साध्या क्वेरींवर जायची गरज मला तरी दिसत नाही. ३१२ वेळा कॉल करण्यापेक्षा सगळ्यांचं एकदम काढणारी प्रोसिजर बरी, पण ते पेमेंट झाल्यावर.

रात्रपाळी :
आमच्याकडे पण बघायला लागेल आता 😬

शेवग्याची_शेंग :
धागा पळवते, सॉरी. माझ्याकडे प्रोसिजरमधून सभासदाचं नाव टाकलं की ???? पडतं, थेट इन्सर्ट केलं की छान मराठी. टेबलचा चारसेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ आहे, ज्यात मराठी बसतं, कनेक्शनवर सेट_चारसेट पण आहे. डेटाबेस जुना आहे, मधे अल्टर करून बदलला होता.

अर्धविराम_हरवला :
ताई, पॅरामीटरला चारसेट दिला नसेल तर प्रोसिजर बनवताना डेटाबेसचा जो असेल तोच तो धरून बसतो, नंतर डेटाबेस बदलला तरी प्रोसिजरला पत्ता नसतो. शो क्रिएट प्रोसिजर मारा, त्यात डेटाबेस कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचा नियम, यावरून चारसेट कळतो) काय दिसतंय बघा.

शेवग्याची_शेंग :
लॅटिन१_स्वीडिश_सीआय. आमच्या पतसंस्थेत स्वीडिश कुठून आलं?

अर्धविराम_हरवला :
मायएसक्यूएलवाले मूळचे स्वीडनचे, ८.० येईपर्यंत डिफॉल्ट तेच होतं. लॅटिन१मध्ये मराठी अक्षरं बसत नाहीत, म्हणून ???? पडतं. प्रोसिजर ड्रॉप करून परत बनवा. आधीची ???? मात्र परत येणार नाहीत, ती नावं फॉर्म बघून हातानेच भरावी लागतील.